चिकटणारी रानबी: झाड न पाहता ओळख पटते का?

प्रश्न थोडक्यात असा. पडीक माळावरून फिरून आल्यावर पँट, मोजे, बुटाचा तळवा आणि कुत्र्याचे केस यांत पाच प्रकारची काटेरी, चिकट बी अडकलेली मिळाली. झाडं पाहिलेली नाहीत. फोनमधल्या ॲपने पाचपैकी तीन फोटोंना एकच नाव दिलं: गोखरू. नुसत्या बीवरून झाड ओळखता येतं का, आणि यातलं काही कुत्र्याला धोक्याचं आहे का?

ओळखता येतं. कुळापर्यंत जवळजवळ नेहमीच, जातीपर्यंत बऱ्याचदा. पण सुरुवात काट्यापासून केली तर हमखास वाट चुकते, आणि ॲप नेमकं तेच करतं. जनावराच्या केसांना धरून दूर जायची युक्ती सूर्यफुलाच्या कुळाला सापडली, भेंडीच्या कुळाला सापडली, राजगिऱ्याच्या, शेंगांच्या, गवतांच्याही. या कुळांचं आपसात जवळचं नातं नाही. प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे कमावली. त्यामुळे वरून पाहिलं तर सगळीकडे तपकिरी गोळा आणि आकडे एवढंच दिसतं. ‘गोखरू’ हे नावही लोक सराट्याला वापरतात, मोठ्या गोखरूला वापरतात आणि शंकेश्वराच्या बोंडालाही वापरतात. ही तीन वेगळ्या कुळांतली झाडं आहेत. ॲपला शिकवलेल्या फोटोंवर लोकांनीच जी नावं लिहिली असतील ती ते परत देणार, त्याला तरी काय दोष द्यायचा.

म्हणून हातात आलेल्या काटेरी वस्तूबद्दल मी आधी दोनच गोष्टी ठरवतो. हा झाडाचा कोणता भाग आहे? आणि हा कशाच्या जोरावर धरून ठेवतो? ‘बी’ आपण बोलायला म्हणतो, पण आकडे प्रत्यक्ष बीवर क्वचितच असतात. शंकेश्वरात ते फुलांच्या गुच्छाला वेढणाऱ्या सहपत्रांचे, म्हणजे फुलाखालच्या छोट्या पानांचे असतात. वनभेंडीत फळाच्या सालीवर असतात. आघाड्यात एकेका फुलाखालच्या इवल्याशा सहपत्रांना टोकं आलेली असतात. काटेरी गवतांत तर फुलोऱ्यातल्या वांझ काड्याच काटे झालेल्या असतात. भाग कळला की कूळ कळतं, आणि कूळ कळलं की शक्यता पाच-सहावर येतात.

साहित्य साधं लागतं: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, बारीक टोकाचा चिमटा, ब्लेड आणि थोडं पाणी. कपड्यातून बोंड ओढून काढू नका. आकड्याचं टोक मोडतं आणि ओळखीला हवं असतं तेच मोडतं. कापड आतून ताणून धरा आणि बोंड तळाशी चिमटून, आकडा ज्या बाजूला वळलाय त्याच्या उलट दिशेने सोडवा. नमुना कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते. पुडीवर ते कुठे चिकटलं होतं हे लिहा. ही नोंद फार कमी जण करतात. बुटाच्या तळव्यात रुतलेलं फळ जमिनीवर पसरणाऱ्या वेलीसारख्या झाडाचं असतं. मोज्यात घुसलेलं बहुतेकदा गवताचं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत जे चिकटतं ते उभ्या झुडपाचं. अर्धी चाळणी इथेच होते.

आता तुमचे फोटो.

पहिला सगळ्यात सोपा. लांबट, तपकिरी, दीड-दोन सेंटिमीटरचं कडक बोंड, अंगभर आकडे आणि टोकाला दोन जाड चोची. हा शंकेश्वर, झँथियम स्ट्रुमारियम, सूर्यफुलाच्या कुळातला. त्या दोन चोचींशी घोळ व्हावा असं दुसरं काही जवळपास नाही. तरी खात्री हवी असेल तर बोंड पक्कडीत धरून ब्लेडने उभं कापा, हात सांभाळून, कारण साल लाकडासारखी असते. आत दोन बंद कप्पे दिसतील आणि प्रत्येकात एकेक चपटं, लांबट फळ. हे दोन सारखे नसतात. एक बहुधा पहिल्या मोसमात रुजतं, दुसरं सुप्त राहून मागाहून येतं. एकदा समूळ उपटलेलं शेत पुढच्या वर्षी पुन्हा शंकेश्वराने भरतं त्यामागे हे एक कारण आहे. शेतात कीड म्हणून तो वैतागवाणा असेल, पण बंद बोंडात दोन वेगवेगळ्या मुहूर्तांची पेरणी करून ठेवणारं झाड मला तरी आवडतं.

याचा एक भाऊ आहे, झँथियम स्पायनोसम. त्याचं बोंड लहान, साधारण सेंटिमीटरभर, चोची नावापुरत्या. बोंडावरून शंका राहिली तर झाड शोधा: पानाच्या बुडाशी तीन फाट्यांचे पिवळे लांब काटे असतील तर तो. साध्या शंकेश्वराच्या खोडावर काटे नसतात. त्याची पानं मोठी, त्रिकोणी, हाताला खरखरीत लागणारी, एकाआड एक, आणि खोडावर जांभळट ठिपके असतात.

थंड हवेच्या प्रदेशातल्या लेखांत आर्क्टियम नावाच्या झाडाचं बोंड दाखवलेलं असतं. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने कुत्र्याच्या केसांतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं ते हेच, आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं. शंकेश्वराच्या फोटोखाली ही गोष्ट सर्रास डकवलेली दिसते. दोघं एकाच कुळातले, पण आर्क्टियमचं बोंड म्हणजे अनेक बारीक फुलांचं मिळून झालेलं अख्खं डोकं. गोल, वरून उघडं, चुरगाळलं तर सुटं होणारं, आत डझनावारी बारीक फळं. शंकेश्वराचं चुरगाळून दाखवाच.

दुसरा फोटो धूसर आहे. गोल, पाच-सात मिलिमीटरचे, आकडे असलेले गोळे एवढंच कळतं. ॲपने यालाही गोखरू म्हटलंय, ते नक्की नाही. तीन उमेदवार आहेत आणि तिघांत फरक करायला भिंग लागेल.

पहिला वनभेंडी, युरेना लोबाटा. हिचं फळ पाच फाकांचं. बोटाने दाबलं की तिकोनी फाका सुट्या होतात आणि कपड्यावर बऱ्याचदा फाकाच सापडतात, अख्खं फळ नाही. भिंगाखाली प्रत्येक काट्याच्या टोकाला जहाजाच्या नांगरासारखे तीन-चार उलटे दाते चहूबाजूंनी दिसतात. ही या झाडाची सही आहे. दुसरा ट्रायम्फेटा. फळ गोल, वाळलं की आपोआप फुटत नाही अशा जाती जास्त भेटतात. काटे बारीक, आणि टोकाला नुसता एक वळलेला आकडा. वनभेंडीचं फूल गुलाबी, ट्रायम्फेटाचं लहान पिवळं. हल्लीच्या वर्गीकरणात दोघी भेंडीच्याच कुळात बसतात, आणि माळावर उभं राहून करायची एक परीक्षा दोघींना लागू पडते: वाळलेली फांदी मोडून साल खाली ओढा. चिवट, लांबलचक, तुटता न तुटणारा वाख, म्हणजे सालीचा धागा, निघतो. वनभेंडीचा हा वाख तागासारखा वापरतातही. शंकेश्वराची साल अशी निघत नाही.

तिसरा प्युपालिया लॅपेशिया, राजगिऱ्याच्या कुळातला. याचा गोळा जरा मऊ लागतो. आकडे सुटे-सुटे नसून झुबक्याने येतात. एका देठावर चांदणीसारखी पसरलेली दहा-पंधरा आकडेदार केसं, असे झुबके एकत्र येऊन गोळा होतो. मुळात ती फुलंच आहेत, वांझ राहिलेली. मधली एक-दोन सुपीक फुलं बी धरतात, बाजूची आकडे होऊन त्यांना वाहून नेतात. झाडाची पानं समोरासमोर असतात आणि खोडाचे सांधे फुगीर.

तिसरा फोटो बुटाच्या तळव्याचा. हा सराटा, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, आणि गोखरू हे नाव फक्त इथे बरोबर आहे. हा खरं तर चिकटत नाही, रुततो. त्याच्या काट्यांना आकडा नाही, उलटे दातेही नाहीत, सरळ टोकदार आहेत. फळ पिकलं की पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर दोन लांब आणि दोन आखूड काटे, लांब काटे एकमेकांपासून फाकलेले. तुकडा कागदावर टाकून बघा, कसाही पडला तरी निदान एक टोक वर राहतं. झाड त्यावरच अवलंबून आहे: कोणी तरी पाय ठेवणार, खूर ठेवणार, सायकलचं चाक जाणार. म्हणून सराटा रस्त्याच्या कडेला, पायवाटेवर, जनावरं बसायच्या जागी सापडतो, उंच गवतात सहसा नाही. झाड जमिनीला घट्ट चिकटून चहूकडे पसरतं, फुलं पिवळी पाच पाकळ्यांची, पानं चिंचेसारखी जोडदलांची आणि समोरासमोर. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान. ही जोडी जुळली की वाद मिटला.

मोठं गोखरू, पेडॅलियम म्युरेक्स, हे तिळाच्या कुळातलं. फळ न फुटणारं, चौकोनी शंकूसारखं, चारही कोपऱ्यांवर तळाकडे एकेक काटा. पाच तुकडे होत नाहीत, एवढ्यावरच ते वेगळं काढता येतं. याची हमखास परीक्षा पाण्याची: ताजी फांदी पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ फिरवली की पाणी बुळबुळीत, घट्ट होतं. सराट्याने असं होत नाही.

तळव्यात अजून एक सापडू शकतं, अकँथोस्पर्मम हिस्पिडम. दक्षिण अमेरिकेतलं तण, आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे. त्याचं एकेक फळ पाचरीसारखं, अंगावर आखूड आकडे आणि वरच्या टोकाला दोन मोठे काटे शिंगांसारखे फाकलेले. झाडावर ही फळं चांदणीच्या आकारात बसतात. सुटं सापडलं तर सराट्याचा तुकडा वाटतो. फरक एवढाच बघायचा की सराट्याच्या अंगावर आकडे नसतात, याच्या असतात.

चौथा फोटो काळ्या सुयांचा. सेंटिमीटरभर लांब, बारीक, कंगोरे असलेली सुई आणि टोकाला दोन-तीन पिवळट काट्या. हा बायडेन्स, सूर्यफुलाच्या कुळातला. सूर्यफुलाच्या बीसारखंच हे एक कोरडं फळ आहे, आणि वरच्या काट्या निदलांच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांच्या, जागी आलेल्या आहेत. इथे पकड आकड्याची नाही, उलट्या दात्यांची आहे. भिंगाखाली एक काटी धरा: पूर्ण लांबीभर बारीक दाते आणि सगळे खाली, फळाकडे वळलेले. कापडात आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. जात ठरवताना काट्यांची संख्या मोजायचा मोह होतो. बायडेन्स पिलोसात बहुधा दोन-तीन, बायडेन्स बायटर्नाटात बहुधा तीन-चार. पण एकाच फुलात दोन आणि तीन काट्यांची फळं मिळतात, आणि पिलोसात कडेची फळं आतल्यांपेक्षा आखूड असतात. एकाच सुईवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दहा-बारा गोळा करा, मग बोला. फळ सुईसारखं न राहता चपटं, पाचरीसारखं रुंद असेल तर बायडेन्सच्या पाणथळ जागी वाढणाऱ्या जाती बघा. आणि बागेतल्या कॉसमॉसला विसरू नका, तोही जवळचा नातेवाईक आहे. त्याच्या फळाला वर निमुळती लांब मान असते, काट्या त्या मानेच्या टोकावर.

पाचवा फोटो: हिरवट-तपकिरी चपटे तुकडे, एक कड सरळ, दुसरी फुगीर, पँटवर रांगेने डकवल्यासारखे. यांना काटाच नाही, म्हणून ॲप गप्प बसलं असावं. बोट फिरवलं तर मखमल, पण बोटालाही हलकेच धरते. हे डेस्मोडियम, शेंगावर्गीय. सालवण ही त्यातलीच. शेंग पिकल्यावर उकलत नाही, खाचांवर तुटून एकेका बीचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या सालीवर इतके बारीक आकडेदार केस असतात की भिंगातही तिरप्या उजेडातच दिसतात. तुकड्यांचा आकार इथे फार उपयोगी: अर्धगोल, त्रिकोणी, जवळजवळ चौकोनी, जातीगणिक बदलतो. म्हणून दोन तुकडे जोडलेले मिळाले तर तोडू नका. खाच वरच्या कडेला आहे की खालच्या, किती खोल आहे, हे जोडावरच कळतं. बऱ्याच जातींना तीन दलांचं पान असतं, सालवणीला मात्र एकच. याच्याजवळ जाणारी झॉर्निया: तिच्या शेंगेचे तुकडे असेच तुटतात, पण त्यांवर केस नसून उघड दिसणारे टोकदार काटे असतात आणि शेंग दोन पानासारख्या सहपत्रांत झाकलेली असते.

तुमचे पाच झाले, पण पुढच्या फेरीत जे भेटण्याची दाट शक्यता आहे ते गवतांचं, आणि तिथे फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. तिथे बोट लागतं.

सेटारियाच्या जाती बघा. कोल्ह्याच्या शेपटीसारखा तुरा, दाण्यांच्या मधून बाहेर आलेले ताठ केस. सगळ्या जाती फोटोत सारख्याच. तुरा डाव्या हातात देठाशी धरा आणि उजव्या हाताची दोन बोटं देठाकडून शेंड्याकडे हलकेच ओढा. गुळगुळीत गेली तर त्या केसांवरचे दाते वरच्या दिशेचे आहेत, म्हणजे सेटारिया व्हिरिडिस, प्युमिला वगैरे, आणि हे तुरे कपड्याला धरत नाहीत. बोटं अडकली, तुरा बोटाबरोबर ओढला गेला, तर दाते खालच्या दिशेचे: सेटारिया व्हर्टिसिलाटा. तिचे तुरे शेजारच्या तुऱ्यांतही गुंतून झाडावरच गाठी होतात. माळावर लांबून अशा गाठी दिसल्या तर जवळ जायच्या आधीच नाव घ्यायला हरकत नाही. उलट दिशेने बोट फिरवलं तर परीक्षेचं उत्तरही उलटं येतं, तेव्हा दिशा पक्की लक्षात ठेवा.

सेंक्रस गवतात दाण्यांभोवती केसांचं किंवा काट्यांचं वेष्टण असतं आणि ते वेष्टणासकट गळतं. काटे बुडाशी जुळून कडक वाटी झाली असेल तर ती टोचणारी जात. केस बुडापर्यंत सुटे आणि मऊ असतील तर अंजन गवत, ज्याने कोणाला इजा होत नाही. गवताचं आहे की नाही याचीच शंका असेल तर वाटी फोडा. आत तुसात गुंडाळलेला दाणा निघाला की गवत. ट्रॅगसही गवतच, पण त्याचा गोळा तीन-चार मिलिमीटरचा आणि आकडे तुसाच्या शिरांवर ओळीने बसवलेले.

मग कुसळी, हेटेरोपोगॉन कंटॉर्टस. दाण्याच्या तळाला सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि वर बोटापेक्षा लांब होऊ शकणारं, पीळ पडलेलं, गुडघ्यासारखं वाकलेलं काळपट कुसळ. एक कुसळ कोरड्या कागदावर ठेवून पिळाच्या भागावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि मोकळं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ पडतो. दाणा गवतात किंवा लोकरीत अडकलेला असेल तर फिरणं टोकाकडून होतं आणि दाणा खाली घुसत जातो, मागचे केस त्याला परतू देत नाहीत. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्यावर हे यंत्र चालतं. शेजारी वाढणाऱ्या ॲरिस्टिडाचं कुसळ तीन फाट्यांचं असतं; एकच वाकडं कुसळ तर कुसळी, तीन फाटे तर ॲरिस्टिडा.

आघाड्याबद्दल फार लिहायची गरज नाही. उंच, बारीक तुरा, पिकलेली फुलं खाली वळून दांड्याला चिकटलेली, हात लावला की पटापट सुटणारी. बोटात राहतं ते अख्खं मिटलेलं फूल, बाजूला दोन टोकदार सहपत्रं. वाघनखी तर अंधारातही ओळखू येते: काळं, लाकडी, पुढे वळलेल्या दोन नख्यांचं फळ, जे कापडाला नाही, जनावराच्या खुराला किंवा घोट्याला धरतं. निसुर्डीच्या कुळात एका फुलाची चार छोटी फळं एकत्र, पाठीवर नांगरटोकी काटे. कपड्यावर एकटं फळ मिळालं तरी त्याची एक बाजू सपाट किंवा खोलगट असते, कारण ती इतर तिघांना टेकलेली होती. समशीतोष्ण भागात गॅलियम अपारिने भेटेल, दोन गोल फळांची जोडी आणि खोडाला वर्तुळात सहा-आठ पानं. तिथे फळच काय, अख्खं झाड चिकटतं.

काटा, आकडा काहीच दिसत नाही आणि तरी सुटत नाही, तेव्हा डिंक समजा. पुनर्नव्याच्या मुगदरासारख्या इवल्या फळावर पाच कंगोरे आणि चिकट ग्रंथी असतात. चित्रकात फळाभोवतीचं निदलांचं नळकांडं ग्रंथींनी भरलेलं असतं. बोटावर घासून चिकटपणा उरतो का ते बघा. या जातकुळीतला टोकाचा प्रकार पिसोनियाचा आहे, पुनर्नव्याच्याच कुळातलं झाड. सागरी बेटांवर त्याच्या फळांनी माखलेले समुद्रपक्षी उडता न आल्याने मरतात. चिकटण्याने झाडाचा फायदा होतोच असं नाही, हे त्यावरून दिसतं.

नवखे लोक उलटाही गोंधळ करतात. धोतऱ्याचं बोंड काटेरी, पिवळ्या धोतऱ्याचं काटेरी, एरंडाचंही. पण काटे सरळ, दाते नाहीत, फळ झाडावरच उकलतं. तो काटा खाणाऱ्याला दूर ठेवायला आहे, प्रवासाला नाही. धोतरा आणि एरंड दोन्हींच्या बिया विषारी, म्हणून बोंड फोडून बघायचं असेल तर हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

कपड्यावर सापडलं म्हणून झाड तिथलंच, असं धरून चालू नका. शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी लोकरीच्या गिरण्यांच्या टाकाऊ मालातून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिकेतली शेकडो जातींची झाडं उगवली होती. ती सगळी मेंढीच्या केसांतून आली. तुमचा कुत्रा त्या आधी दुसरीकडे फिरून आला असेल, बूट मागच्या महिन्यातले असतील. नक्की करायचं तर त्याच वाटेने परत जा, आणि जाताना जुना लोकरी मोजा बुटावरून चढवा. जिथे तो भरतो तिथे थांबून झाड बघा.

कुत्र्याचं आता. तुमच्या पाचांपैकी डेस्मोडियम आणि बायडेन्स त्रासदायक, धोकादायक नाहीत. शंकेश्वराच्या बोंडांनी केसांचा गुंता होतो; थेंबभर तेल लावून बोटांनी केस वेगळे करत सोडवा, कात्री शेवटी. त्याचं खरं विष बियांत आणि नुकत्याच रुजलेल्या दोन पानांच्या रोपात असतं, कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड नावाचं, आणि त्याने गुरं-डुकरं दगावतात. घरी गुरं असतील तर पाऊस पडून गेल्यावर ओलसर कडेला उगवलेल्या या रोपांकडे लक्ष ठेवा. पानं खरखरीत झाली की जनावरं फारशी तोंड लावत नाहीत. सराटा पंजाच्या गादीत रुततो, लंगडायला लागला तर आधी तिथे बघा.

काळजी करायची ती कुसळांची. दातेरी कुसळ केसांतून, कानातून, बोटांच्या बेचक्यातून फक्त पुढेच सरकतं. कुत्रा एकाच बाजूने डोकं झटकत असेल, पंजा सतत चाटत असेल, अचानक शिंकांचा सपाटा लावला असेल, किंवा बेचक्यात ओली फोडी दिसत असेल, तर घरी कोरत बसू नका. पशुवैद्याकडे न्या, कारण टोक आत मोडलं तर मागून शोधणं अवघड जातं. दिसणारं, वर असलेलं कुसळ मात्र लगेच काढा, आणि त्याच्या जाण्याच्या दिशेकडे न ढकलता सरळ मागे.

काढलेलं सगळं अंगणात झटकू नका. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, नाही तर पुढच्या वर्षी ओळखायला माळावर जावं लागणार नाही.

राहिला तुमचा दुसरा फोटो. तोच गोळा पुन्हा काढा: पांढऱ्या कागदावर, बाजूला मोजपट्टी, उजेड तिरपा. एक फोटो अख्ख्याचा, एक दाबून सुटल्या तर फाकांचा, आणि एक भिंगातून फक्त एका काट्याच्या टोकाचा. आकडा एकच आहे, नांगर आहे की झुबका आहे, एवढं दिसलं की नाव सांगतो.